रागवता येईल एवढी भेट

दीपक गामणे कुणाच्या दारात रिकाम्या हाताने उभा राहिलाय, असं दिंडोरी रोडवर कुणी पाहिलेलं नव्हतं. म्हसरूळच्या पुढे त्याचं कृषी सेवा केंद्र. द्राक्षबागेची औषधं, खतं, ठिबकचं किरकोळ सामान. दुकान तसं बेताचंच, पण दिवाळी जवळ आली की माळ्यावर सुक्या मेव्याचे डबे असे रचले जायचे की औषधांच्या खोक्यांना जागा उरायची नाही. कुणाला काय द्यायचं हे त्याच्या डोक्यात पक्कं असायचं. बँकेतल्या साहेबांना मधुमेह, म्हणून त्यांना मिठाई नाही, बदाम. कंपनीच्या एरिया मॅनेजरच्या घरी येवल्याची साडी, तीही त्यांच्या बायकोला आवडणाऱ्या मोरपंखी रंगात. भेट महाग असण्यापेक्षा नेमकी असावी, असं तो सांगायचा. नेमकी शोधता शोधता ती बहुतेक वेळा महागच निघायची, तो भाग वेगळा.

ही सवय त्याने वडिलांकडून उचलली होती आणि मोठी केली होती. दिंडोरी तालुक्यातल्या आपल्या मळ्यात कुणीही आलं तरी धोंडीराम गामणे त्याच्या सायकलीला काहीतरी अडकवूनच त्याला सोडायचे. तार जोडायला आलेल्या वायरमनला वांगी, पाहुण्याला भुईमुगाच्या शेंगा, वाट चुकलेल्याला निदान दोन लिंबं. दीपकने शहरात दुकान टाकलं आणि पिशवीच्या जागी डबे आले.

पण नुसता धंदा म्हणून तो द्यायचा, असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याचं माणसांकडे लक्ष असायचं. हिरामण नावाचं त्याचं एक जुनं गिऱ्हाईक सिव्हिल हॉस्पिटलात होतं, तेव्हा बाकीचे सगळे सफरचंदं घेऊन गेले आणि दीपक घोंगडी घेऊन गेला. वॉर्डात खिडकीजवळची खाट आहे, रात्री गार वारा लागत असणार, हे त्याने फोनवर बोलतानाच ताडलं होतं. हिरामण बरा होऊन घरी आला, तरी वर्षभर त्या घोंगडीचं कौतुक सांगत होता. अशा गोष्टींनी दीपकची खात्री पटत गेली होती की माणूस कसा जोडायचा हे आपल्याला कळतं. सहसा त्याला ते कळायचंही.

त्याची एकुलती एक मुलगी सृष्टी मखमलाबाद रोडकडच्या एका इंग्रजी शाळेत पाचवीला गेली, त्या वर्षाची ही गोष्ट.

शिक्षकदिनाला मॅडमना काय द्यायचं, यावर पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऑगस्टपासूनच चर्चा सुरू व्हायची. कुणी म्हणायचं गुलाबाचं फूल पुरे, कुणी म्हणायचं सगळ्यांनी मिळून एकच मोठी वस्तू घेऊ, कुणी काहीच न बोलता गुपचूप काहीतरी भारी घेऊन यायचं. दीपकची बायको निकिता फुलाच्या बाजूची. ती घरी शिवणाच्या ऑर्डरी घ्यायची आणि सृष्टीचा अभ्यासही तीच घ्यायची. तिचं म्हणणं सोपं होतं, की मॅडमना पगार शाळा देते, आपण मुलीला नीट शिकवून पाठवलं तरी भेट पोचली. दीपक हसून म्हणायचा की हा विषय माझा आहे, तू यात पडू नकोस.

पाचवीच्या वर्गशिक्षिका होत्या अदिबा शेख मॅडम. जुन्या नाशकातून स्कूटीवर यायच्या, गणित शिकवायच्या. तिशीही झाली नसेल, पण वर्गात त्यांचा दरारा होता. जुलैतल्या पालकभेटीला दीपक गेला तेव्हा त्यांच्या टेबलावरचा मोबाईल त्याच्या नजरेतून सुटला नाही. काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे, कडेला चिकटपट्टी. मॅडम सृष्टीच्या गणितातल्या कच्च्या जागा सांगत होत्या आणि दीपक मान डोलवत मनात म्हणत होता, मिळाली वस्तू.

पाच सप्टेंबरला दीपकने मुलीला स्वतः शाळेत सोडलं आणि निकिताला न सांगता घेतलेला नवा मोबाईल गेटवर सृष्टीच्या हातात दिला. वीस हजारांच्या आतबाहेरचा. वर चमकी कागद होता, पण तो ठेवला होता शोरूमच्याच पिशवीत, आणि पिशवीवर मोबाईलचं मोठं चित्र. त्यामुळे टेबलावर पेनं, गुलाबं आणि कॉफीचे मग जमत असताना सृष्टीच्या हातात काय आहे, हे शेवटच्या बाकापर्यंत सगळ्यांना कळलं. मॅडमनी पिशवी घेतली, थँक्यू म्हटलं आणि ती टेबलाखाली ठेवली. संध्याकाळी सृष्टीने हे त्याच्या कानात सांगितलं तेव्हा दीपक खूश झाला. टेबलाखाली ठेवली म्हणजे बाकीच्यांपेक्षा वेगळी ठेवली, असा त्याने अर्थ लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅडम दुकानात आल्या. दोन-तीन शेतकरी काउंटरला होते. दीपकने लगबगीने खुर्ची पुसली, चहा सांगितला. मॅडमनी पिशवी काउंटरवर ठेवली. कागदसुद्धा फाडलेला नव्हता. दीपकला वाटलं रंग आवडला नसणार. त्याने लगेच सांगितलं की पावती आहे, दुसरा रंग मिळेल, निळा छान आहे.

मॅडम हसल्या. शेतकरी बाहेर जाईपर्यंत थांबल्या आणि मग म्हणाल्या, की त्यांना हा घेता येणार नाही. वर्गासमोर परत केला असता तर सृष्टीला वाईट वाटलं असतं, म्हणून काल ठेवून घेतला.

"मॅडम, तुमचा फोन फुटलाय हे मी पाहिलं, म्हणून दिला," दीपक म्हणाला. "त्याच्या बदल्यात मी काही मागितलंय का?"

"मागितलं असतं तर बरं झालं असतं," मॅडम म्हणाल्या. "मला नाही म्हणता आलं असतं. तुम्ही काहीच मागितलं नाही, म्हणून मला रोज वाटत राहणार की काय द्यायचं राहिलंय."

दीपकला हे बोलणं चटकन कळलं नाही आणि आवडलंही नाही. आजवर त्याची भेट कुणी परत आणून दिली नव्हती. त्याने धंद्यात भाव विचारावा तसा सरळच प्रश्न टाकला, "मग तुम्हीच सांगा. कितीपर्यंतचं चालतं?"

"एवढंच, की दुसऱ्या दिवशी मला तुमच्या मुलीला रागवता आलं पाहिजे."

चहा आला. तो मात्र त्यांनी पूर्ण घेतला, वर चांगला झालाय असंही म्हणाल्या, आणि स्कूटीला किक मारून निघून गेल्या. दीपकने पिशवी खालच्या कप्प्यात सरकवली. मॅडम जरा मानी आहेत, असं त्याने ठरवून टाकलं. घरी त्याने काही सांगितलं नाही. बायकोने फुलाचंच घेऊन बसायचं, ते त्याला नको होतं.

सप्टेंबर संपता संपता गणिताची चाचणी झाली. सृष्टीला वीसपैकी सतरा मिळाले. आजवर ती दहा-बाराच्या वर गेलेली नव्हती. निकिताने दोन महिने तिला मशीनजवळ बसवून अपूर्णांक करून घेतले होते, कापडाच्या चिंध्यांचे तुकडे करकरून. त्या दिवशी घरात पुरणपोळी झाली. दीपक दुकानात येईल त्याला सांगत होता.

ऑक्टोबरात द्राक्षांच्या छाटण्या सुरू झाल्या. वर्षातला सगळ्यात गर्दीचा काळ. छाटलेल्या काड्यांना लावायची पेस्ट घ्यायला शेतकरी सकाळी शटर उघडायच्या आधी येऊन उभे राहायचे. अशातच शाळेतून निकिताला फोन आला, की दोघांनीही भेटायला या. दीपक म्हणाला तू जाऊन ये. निकिता म्हणाली, दोघांनी म्हटलंय. तेव्हा त्याने दुकान शेजारच्या टायरवाल्याच्या भरवशावर टाकलं आणि गेला.

दुसऱ्या चाचणीत सृष्टीला वीसपैकी सहा मिळाले होते. मार्क कमी पडले म्हणून मॅडमनी बोलावलं नव्हतं. पेपर चालू असताना सृष्टी निम्म्या वेळातच पेन खाली ठेवून बसली होती, ते त्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला व्हरांड्यात गाठून त्यातलंच एक गणित तोंडी विचारलं. सृष्टीने उत्तर क्षणात दिलं. मग सोडवलं का नाहीस, म्हटल्यावर ती वर्गात पळाली.

कारण मॅडमनी इतर मुलींकडून काढलं होतं. सतरा मार्क मिळाले त्या दिवसापासून वर्गात एकच बोलणं होतं, की हिला मार्क मोबाईलचे मिळाले. डबा खाताना, बसमध्ये, खेळाच्या तासाला. कुणीतरी तिचं नावच मोबाईल पाडलं होतं.

निकिताने नवऱ्याकडे पाहिलं. कुठला मोबाईल, हे ती विचारणारच होती, पण त्याचा चेहरा बघून तिने ते गाडीत बसेपर्यंत राहू दिलं.

"पण तो तर तुम्ही परत केला," दीपक मॅडमना म्हणाला. "तुम्ही वर्गात सांगितलं का नाही?"

"परत केला असं सांगितलं, तर मुलं विचारणार, दिला कशासाठी होता. त्याचं उत्तर मी तुमच्या मुलीसमोर कसं देऊ?"

घरी आल्यावर सृष्टी दप्तर न काढताच सोफ्यावर बसली होती. तिला कळलं होतं आई-पप्पा कुठे गेले होते. दीपक तिच्याशेजारी बसला. त्याने तिला समजावलं की मॅडमनी मोबाईल ठेवलाच नाही, दुसऱ्याच दिवशी परत आणून दिला, तेव्हा ते सतरा मार्क तिचेच होते. सृष्टीने ऐकून घेतलं.

"तुम्ही दिलाच नसता," ती म्हणाली, "तर मला हे कुणाला सांगावं लागलं नसतं."

दीपक उठून गॅलरीत गेला. त्याला हिरामणची घोंगडी आठवली. तीही त्याने न मागता दिली होती, तीही नेमकी होती, मग ती गोड का लागली आणि हे कडू का झालं? विचार करता करता त्याच्या लक्षात आलं, की हिरामणच्या हातात त्याचं काहीच नव्हतं. मॅडमच्या हातात त्याची मुलगी होती.

एकदा चूक कुठे आहे हे सापडलं की दीपक कुढत बसणाऱ्यातला नव्हता. खराब माल निघाला तर तो शेतकऱ्याची वाट बघत नसे, स्वतः मळ्यात जाऊन बदलून देत असे. दुसऱ्या दिवशी त्याने मॅडमना फोन केला आणि दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पालकसभेत आपल्याला बोलायला वेळ मागितला. मॅडमनी विचारलं काय बोलणार. तो म्हणाला, जे तुम्हाला वर्गात सांगता आलं नाही ते मी सांगतो, मला काही अडचण नाही. मोबाईल माझा होता.

सभा शनिवारी सकाळी वर्गातच भरली. मुलांच्या बाकांवर पालक गुडघे मोडून बसलेले. अभ्यासक्रम, सहल, बसची वेळ हे सगळं झाल्यावर मॅडमनी दीपकचं नाव घेतलं. निकिताला वाटत होतं तो अडखळेल. पण तो शेतकरी मेळाव्यात नव्या औषधाबद्दल बोलावं तसा खणखणीत बोलला.

"मी सृष्टीचा पप्पा. शिक्षकदिनाला मॅडमना मोबाईल देणारा मीच. मॅडमनी तो दुसऱ्याच दिवशी माझ्या दुकानात आणून दिला, कागदसुद्धा फाडला नव्हता. तुमच्या मुलांना एवढं घरी सांगा. आणि माझ्या मुलीचे मार्क तिच्या आईने करून घेतलेल्या अभ्यासाचे आहेत, हेही सांगा."

मग त्याने पुढचा विषय काढला. दर वर्षी हेच होणार असेल, तर आपण सगळ्यांनी मिळून एक आकडा ठरवू. त्याच्या वर कुणी जायचं नाही, तो स्वतःही नाही.

पहिल्या बाकावरच्या कुलथे ताईंना हे पटलं नाही. त्यांचं सराफ बाजारात दुकान, आणि द्यायला त्यांचा हात सढळ. त्या म्हणाल्या, की मॅडम मुलांसाठी एवढं करतात, आम्ही प्रेमाने देतो, प्रेमाला कसला आकडा लावायचा?

"ताई, मीपण प्रेमानेच देतो," दीपक म्हणाला. "कंपनीच्या मॅनेजरला साडीसुद्धा प्रेमानेच देतो. पण नंतर मालाच्या पैशांची मुदत वाढवून मागताना माझा आवाज जरा मोठा होतो. हे मला माहिती आहे आणि त्यालापण माहिती आहे. मॅडमशी बोलताना माझा आवाज तसा व्हायला नको."

काही जण हसले. मागून एकाने पाचशे म्हटलं, दुसऱ्या बाईंनी नुसतं फूल म्हटलं, आणि थोडा गलका झाला. तेवढ्यात दारापाशी उभे असलेले एक गृहस्थ बोलू लागले. शाहनवाज त्यांचं नाव, अंबडच्या एका कारखान्यात पाळीवर होते आणि सभेला कधी आले तरी मागेच उभे राहायचे. ते म्हणाले, की मागच्या वर्षी शिक्षकदिनाला त्यांचा मुलगा पोटात दुखतंय म्हणून घरी राहिला. त्याने पेन घेऊन ठेवलं होतं, छान पॅक केलं होतं. पण दुसरी मुलं काय काय नेतात हे बघून त्याला ते द्यायची लाज वाटली. पेन अजून घरात आहे.

यानंतर पाचशे कुणी म्हटलं नाही. शंभरावर एकमत झालं. कुलथे ताईंनीही मान हलवली, जरा नाखुशीने. मॅडमना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, की त्यांच्या मते शंभराचीही गरज नाही, पण मुलांना हातात काहीतरी घेऊन यायला आवडतं हे त्यांना कळतं. "फक्त ते मुलांना निवडू द्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही निवडलं की ते तुमचं होतं."

बाहेर पडल्यावर निकिता एवढंच म्हणाली, की माझं नाव सभेत घेतल्याबद्दल थँक्यू. आणि मग मोबाईल लपवल्याबद्दल पुन्हा घरी पोचेपर्यंत त्याला ऐकवत राहिली.

सगळं एका सभेत सुधारलं असं काही नाही. डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या वेळी कुलथे ताईंनी मॅडमना चांदीचं नाणं दिलंच, आणि तेही दुसऱ्या दिवशी परत गेलं. काही दिवस ताई दीपकशी बोलत नव्हत्या, जणू नाणं त्यानेच परत केलं. वर्गात सृष्टीला पाडलेलं नाव लगेच गेलं नाही, हळूहळू विरलं. जानेवारीत तिला वही अपुरी ठेवल्याबद्दल मॅडमनी सगळ्या वर्गासमोर उभं केलं, तेव्हा मात्र ते पार पुसलं गेलं. त्या दिवशी ती घरी आली ती फुरंगटलेली, पण जेवली पोटभर. चाचणीत तिला चौदा मिळाले. चौदा तिच्या मैत्रिणींना अगदी बरोबर वाटले.

तो मोबाईल निकिताने वापरायला साफ नकार दिला. शेवटी धोंडीरामांना दिला. ते मळ्यात बसून त्यावर क्रिकेट बघतात आणि आवाज एवढा मोठा ठेवतात की बांधापलीकडच्याला स्कोअर कळतो. मॅडमनी पुढे स्वतःच्या पैशाने नवा घेतला. दीपकने तो पाहिला आणि यापेक्षा आपला चांगला होता, असं त्याच्या मनात आलंच.

दीपक स्वतः किती बदलला, हे सांगणं कठीण आहे. त्या दिवाळीतही सुक्या मेव्याचे डबे माळ्यावर चढले होते आणि मोरपंखी साडीही वेळेवर पोचली होती. तो त्याला धंदा म्हणायचा आणि त्याबद्दल त्याचं मत पक्कं होतं. पण शाळेचा विषय निघाला की तो आता बायकोच्या बाजूने बोलायचा, आणि तेही असं, की हे सगळं आधी त्यालाच सुचलं होतं. निकिता ते चालू द्यायची. दुसऱ्या वर्गांचे पालकही त्याला फोन करून विचारू लागले. तो न कंटाळता सभेतली सगळी हकिकत सांगायचा. मोबाईलची किंमत मात्र दर वेळी थोडी वाढायची.

फेब्रुवारीत द्राक्षबागांची तोडणी सुरू झाली. एका सकाळी मोहाडीकडचा लहानू दुकानात आला. त्याचा मुलगा त्या वर्षी गावच्या झेडपी शाळेत पहिलीला होता. औषधाचे पैसे देऊन झाल्यावरही तो रेंगाळला आणि मग म्हणाला, "दीपकशेठ, एक इचारू? गुरुजी लय चांगले हायेत. पोरगं वाचाया लागलं. त्यांला कायतरी द्यावं म्हनतो. किती देऊ?"

"माल निघाला का तुझा?"

"परवापासून चालू होईल. पेटी नेऊन देऊ का गुरुजींच्या घरी?"

दीपकने जरा विचार केला. "पेटी नको. पिशवी दे. आणि घरी नको, शाळेत दे, पोराच्या हातून. सगळ्या वर्गाने खाल्ली पायजेत, एवढी."

"मग तर पेटीच लागंल की," लहानू म्हणाला. "तीस पोरं हायेत."

दीपकला हे लक्षात आलं नव्हतं. तो हसला, कबूल झाला, आणि दोघं मिळून तीस पोरांना किती किलो लागतील याचा अंदाज बांधत बसले. बाहेर ट्रॅक्टर लागला होता आणि पुढचं गिऱ्हाईक हॉर्न वाजवत होतं.